पंखा बंद, लढाई चालू

धुळ्याला माझ्या सासरी भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायची पद्धत होती, असं मी आज कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. धुळ्यात! जिथे एप्रिलच्या दुपारी अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसतो! पण महिन्यातल्या एका रविवारी माझे वडील जळगावहून एसटीने यायचे, कापडी पिशवीतून एक चपटं खोकं काढायचे, बैठकीच्या टेबलावर नकाशा पसरायचे, आणि माझे सासरे उठून खटकन पंखा बंद करायचे. त्या नकाशावर नखाएवढ्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या मांडलेल्या असत. पंख्याचा वारा लागला की सगळा युरोप सोफ्याखाली जायचा.

मग आम्ही बाकीच्यांनी घामात निथळत बसायचं. माझी सासू, आम्ही तिला अक्का म्हणायचो, पदराने वारा घेत स्वयंपाकघरातून ओरडायची, "पंखा बंद करीसन काय लढाई करतस वं या? बठ्ठं आंग चिकट व्हई गयं!" वडील आणि सासरे दोघंही नकाशावर वाकलेले असायचे.

खेळ नेपोलियनच्या स्वाऱ्यांचा होता. दोघांनीच खेळायचा. नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, त्यातून नद्या, रस्ते, शहरं. निळ्या सोंगट्या फ्रेंचांच्या, हिरव्या रशियनांच्या, पांढऱ्या ऑस्ट्रियनांच्या. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे: एक तिची ताकद, दुसरा तिची चाल. समोरासमोर आले की फासा टाकायचा. फासा मूळचा हरवला होता, आमच्या सापशिडीतला घेतला होता. वडिलांचा एक शाळासोबती जहाजावर नोकरीला होता, त्याने हे खोकं परदेशातून आणलं, दोन दुपारी खेळला, कंटाळला आणि आमच्याकडेच ठेवून पुन्हा समुद्रावर गेला. माझ्या वडिलांना मात्र त्या नकाशाने वेड लावलं. ते भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे. दिवसभर लोकांच्या शेतांच्या बांधांचे नकाशे, आणि संध्याकाळी जळगावात मेहरूणच्या घरी चहा पिऊन झाला की युरोप.

समोर बसायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी मला बसवलं. मी तेव्हा सातवीत असेन. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, शब्दकोश उघडून एकेक नियम लावायचे आणि मला मराठीत सांगायचे. त्यातला एक नियम त्यांचा फार लाडका होता, रसदीचा. तुमची फौज कितीही पुढे जाऊ दे, तिच्यापासून मागे तुमच्या मुलखापर्यंत एक तरी वाट मोकळी पाहिजे. शत्रूने त्या वाटेवर एक फाटकी सोंगटी जरी आणून ठेवली, तरी पुढच्या फौजेचं खाणंपिणं बंद. एका चालीत ती निम्मी होते, दुसऱ्या चालीत पटावरून उठते. "माणूस पुढे बघून जिंकत नाही, मागे बघून जिंकतो," असं ते म्हणायचे. मी मागे बघायची नाही. मला दम कुठे होता! मी भसाभस पुढे जायची आणि उपाशी मरायची.

एकदा माझी सगळी निळी फौज अशी पटावरून उठली तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. आई आतून म्हणाली, "अहो, पोर आहे, जिंकू द्या की एकदा." नानांनी खिशातला रुमाल मला दिला आणि म्हणाले, "पटावर लेक नसते. पटावर समोरचा असतो. डोळे पूस आणि परत मांड." तेव्हा राग आला होता, पण आता कळतं की त्या माणसाने मला आयुष्यात दिलेली सगळ्यात मोठी चीज तीच. जगात सगळे मला 'मुलगी आहे, जाऊ दे' म्हणायचे. एकटे नाना म्हणायचे नाहीत. बीएडच्या वर्षी मी त्यांना पहिल्यांदा हरवलं, तेव्हा त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि रात्री जेवताना कोणाशी बोलले नाहीत, इतका त्यांना राग आला होता. मला त्या रागाचाच आनंद झाला.

मग माझं लग्न ठरलं, धुळ्याचं स्थळ. बोलणी करायला आमच्याकडची मंडळी बसली तेव्हा नानांनी भीत भीत विचारलं, "मुलगी बीएड आहे. नोकरी केली तर आपली काही हरकत..." माझे सासरे, आबा, पानाचा विडा गालात सरकवून म्हणाले, "बघू."

या 'बघू'ने माझं डोकं उठवलं. लग्न झालं, बघू. दिवाळी झाली, बघू. आमच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर मुलींची शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिकाबाई पलीकडच्याच गल्लीत राहायच्या, त्यांना मी भेटून आले. जूनपासून एक जागा रिकामी होत होती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला घेते, पण आखाजीच्या आत नक्की सांगा. नंतर दुसरी कोणी बघावी लागेल." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. मी नवऱ्याला सांगितलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात, आठवडाभर साक्रीकडे कॅम्पला, शनिवारी येणार, झोपणार. म्हणाले, "माझी ना नाही. आबांना विचार." आबांना विचारलं की बघू. झालं भिजत घोंगडं. मला बसून वाट बघता येत नाही, कधीच आली नाही. मी घरभर येरझारा घालायची, एकच पातेलं दोनदा घासायची, कपाट लावायची आणि पुन्हा उपसायची. अक्का म्हणायची, "व माय, तुना पायले भिंगरी शे का?"

आबा एसटीतून रिटायर झाले होते. धुळे डेपोत गाड्या सोडायचं काम. जन्म सगळा शिट्टी, वेळापत्रक आणि फलाट यात गेलेला. आता घरी बसून त्यांना काही सुचायचं नाही. सकाळी आवरून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि हायवेवरून जाणाऱ्या गाडीचा आवाज आला की घड्याळ बघायचे. "नाशिक गेली. लेट आहे." असं ते कोणाला सांगायचे? रस्त्यालाच.

त्या दिवाळीत नाना मला भेटायला आले. वाटेत वाचायला म्हणून पिशवीत खेळाचं नियमपुस्तक होतं. आबांनी ते बघितलं, "हे काय?" म्हणून विचारलं, आणि पुढच्या खेपेला नाना खोकंच घेऊन आले. आबांना नकाशावरचे रस्ते दिसले आणि माणूस खूश! ते फौजा चालवायचे त्या अगदी एसटीच्या गाड्यांसारख्या. सगळ्या मोठ्या रस्त्याने, एकामागे एक. "ही भरली, सोडा," म्हणायचे आणि सोंगटी पुढे. आडवाटेला म्हणून जाणार नाहीत. "हायवे सोडला की गाडी फसते, नाना," असं ठाम मत. निळ्या सोंगट्या अर्थातच त्यांच्याकडे. व्याह्यांचा मान.

पहिल्याच दिवशी आबा जिंकले.

मी चहाचे कप उचलायला आले होते, तेव्हा मला ते दिसलं. नानांची एक खोड आहे. चाल पक्की सापडली की ते ती सोंगटी अंगठ्याखाली हळूहळू घासतात. मी लहानपणापासून त्या अंगठ्याच्या धाकात वाढले. तो अंगठा हलायला लागला की समजायचं, आपलं काही खरं नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याखाली एक पांढरं घोडदळ होतं, आबांचा हायवे मागे उघडा पडला होता, आणि नानांनी सोंगटी घासली, घासली, आणि रस्त्याच्या एक घर अलीकडे ठेवली. "अरेच्चा! चुकलंच की," म्हणाले. आबांनी मांडीवर थाप मारली.

संध्याकाळी त्यांना पोचवायला स्टँडवर गेले आणि बस लागायच्या आधी विचारलंच. "नाना, मुद्दाम हरलात."

"छे गं."

"मला सांगता? मला?"

ते एरंडोल-पारोळ्याच्या पाट्या बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे बघ, मुलीच्या बापाचा हात दगडाखाली असतो. त्यांचं मन राखलं पाहिजे. एकदा तुझ्या नोकरीला हो म्हणू दे, मग बघू."

"तुम्हीसुद्धा बघू?"

"अगं, खेळच आहे तो," असं माझे नाना म्हणाले. ज्यांनी सातवीतल्या पोरीला रुमाल देऊन परत मांड म्हटलं होतं, ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बस लागली, ते चढले, खिडकीतून हात हलवला, आणि मी तिथेच फलाटावर उभी राहून एकटीच बडबडत होते. एक म्हातारी मला जागा देऊन बाजूला सरकली.

त्यानंतर दर खेपेला तेच. नाना येणार, पंखा बंद होणार, नाना हरणार. आबा ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगणार, "काल मॉस्को घेतलं." शेजारचे काका विचारणार, "कोणत्या गाडीने?" आबांचा तो रुबाब मला बघवत नव्हता. त्याहून नानांचं ते कसनुसं हसणं. आणि एवढं हरून मिळत काय होतं? निघताना नाना चपला घालता घालता म्हणणार, "आबा, ते हिच्या शाळेचं..." आणि आबा म्हणणार, "बघू की. पुढच्या महिन्यात येताय ना?" ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. नाना हरून हरून दमले, मी वाट बघून बघून दमले, आणि शाळेची जागा आखाजीपर्यंतच होती.

यात आणखी एक कटकट होती पाण्याची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे नानांच्या आईने त्यांना सांगून ठेवलेलं. एरवी हा माणूस नवससुद्धा मानत नाही, पण हे मात्र पाळायचा. जळगावहून येताना फिरकीचा तांब्या भरून आणायचे आणि दिवसभर त्यावर काढायचे. चहा नाही, सरबत नाही, काही नाही. आबा म्हणायचे, "सोडा हो नाना, कोण पाळतं आता?" नाना हात जोडायचे. दुपारपर्यंत तांब्या संपायचा. पंखा बंद. ओठ कोरडे पडायचे, ते जिभेने ओले करायचे आणि पुढची चाल चुकायचे. मी दाराच्या चौकटीला टेकून बघायची आणि मनात म्हणायची, रसदीचा नियम शिकवणारा माणूस तो हाच का?

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. त्या वर्षी मला न्यायला नानाच आले. सकाळच्या गाडीने आले, चारच्या गाडीने आम्ही निघायचं ठरलं होतं. आखाजी दोन दिवसांवर आली होती. म्हणजे माझी मुदत संपलीच होती. आदल्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी मी अक्काला म्हटलं होतं, "आज जर आबा काही बोलले नाहीत, तर मी माहेराहून परत यायची नाही." रागात म्हटलं. अक्का नुसती हसली, म्हणाली, "जाय, जाय. आंबानी पाटी कोन खाई मंग?"

आंब्यांची पाटी खरंच आली होती. मी स्वयंपाकघरात रस काढत बसले होते, कोपरापर्यंत हात पिवळे. बैठकीत पंखा बंद. दारातून मला टेबल दिसत होतं. आबांची निळी फौज पार मॉस्कोपर्यंत गेलेली, एकाच रस्त्यावर, एसटीच्या रांगेसारखी. नानांचा तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी सवयीने ते त्याचं झाकण फिरवून बघत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली एक हिरवं घोडदळ होतं. अंगठा हलत होता.

मी कोय पिळायची थांबले. स्मोलेन्स्कच्या मागे आबांच्या रस्त्यावर एक घर उघडं होतं. तिथे ती सोंगटी गेली की पुढची सगळी निळी फौज उपाशी. अंगठा घासत होता. मी मनात म्हटलं, ठेवा. नाना, ठेवा. आज तरी ठेवा. नानांनी सोंगटी उचलली, माझ्याकडे नाही, आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि जंगलात नेऊन ठेवली. "चुकलंच बघा," म्हणाले.

"नाही चुकलं!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की अक्काच्या हातातलं उलथनं पडलं. मी तशीच उठून बैठकीत गेले. नाना म्हणाले, "अगं, हात..." मी त्याच पिवळ्या हातांनी जंगलातली सोंगटी उचलली आणि स्मोलेन्स्कच्या मागे रस्त्यावर दाबून ठेवली. रसाचा ठसा पोलंडवर उमटला. तो अजून आहे.

आबा नकाशाकडे बघत राहिले. त्यांनी बोटाने मॉस्कोपासून मागे मागे रस्ता मोजत आणला. बोट हिरव्या सोंगटीपाशी येऊन अडलं. पुन्हा मॉस्कोपासून सुरुवात केली. पुन्हा अडलं.

"ही चाल तुम्हाला दिसली नव्हती, नाना?"

नानांनी रिकाम्या तांब्याचं झाकण फिरवलं.

"दिसली होती," मी म्हटलं. "दर वेळी दिसते."

"गप्प बस!" नाना माझ्यावर ओरडले. जन्मात ओरडले नव्हते असे.

"दर वेळी?" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग अगदी उतरला. "म्हणजे मांगला बठ्ठा डाव?" मागचे सगळे डाव, असं विचारताना एरवी आमच्याशी शुद्ध बोलणारा माणूस अहिराणीवर आला, म्हणजे घाव आत लागला होता.

नानांनी हात जोडले. "आबा, राग मानू नका. पोरीला नोकरी करायची आहे. तुम्ही हो म्हणावं म्हणून... तुमचं मन राखायला. मुलीचा बाप दुसरं काय करणार?"

माझ्या कोपरावरून रस खाली फरशीवर ठिबकत होता. मला वाटलं, आता आबा उठून आत जातील आणि संपलं सगळं, शाळाही आणि माहेरही. पण आबा उठले नाहीत. त्यांनी एक निळी सोंगटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"हो तर मी कधीच म्हणून बसलोय मनात," ते म्हणाले. "संक्रांतीलाच. शिकलेली सून घरात येरझारा घालते ते मला दिसत नाही का? पण म्हटलं, उत्तर दिलं की यांचं काम झालं. मग हे कशाला येतात? मुलीचा बाप पाणीसुद्धा पीत नाही इथे, तो काम नसताना येईल?" त्यांनी सोंगटी टेबलावर ठेवली. "डेपोतून निघाल्यापासून माझ्याकडे कोणी येत नाही, नाना. डेपोसमोरून गेलो तरी पोरं ओळखत नाहीत. महिन्याला एक माणूस येतो. त्याला पण हो म्हणून घालवू?"

मला वाटतं, त्या वेळी एखाद्या चांगल्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या आलं नाही. मला इतका संताप आला की दोन्ही म्हाताऱ्यांना त्या रसाने न्हाऊ घालावं असं वाटलं. एक हो मिळावं म्हणून हरतोय, दुसरा हरणारा मिळावा म्हणून हो दाबून बसलाय! आणि दोघंही एकमेकांशी किती गोड!

"आणि मी?" मी म्हटलं. "माझी मुदत चाललीय. मला रात्र रात्र झोप नाही. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. तुम्ही दोघं मिळून मला मध्ये ठेवून खेळलात. एकाने जरी तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर? नाना, तुम्ही मला काय शिकवलं होतं? पटावर लेक नसते म्हणून? आणि आबा, तुम्हाला एकटं वाटतं तर तसं म्हणा ना! नोकरी केली म्हणून मी काय नानांचं येणं बंद करणार होते?"

सासऱ्यासमोर इतकं बोलणारी सून त्या गल्लीत तोवर कोणी नव्हती. पण स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, "बराबर बोलनी पोर." एवढंच, आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागली.

आबांनी घसा खाकरला. "बाई घरी असतील का गं आत्ता? शाळेच्या?"

"असतील."

"मग जा. माहेरी जायच्या आधी सांगून ये. हात धू आणि जा. मी काय येत नाही, मला जरा..." त्यांनी नकाशाकडे बघितलं. "नाना, या सोंगट्या काढा. पहिल्यापासून मांडा. आणि आता जर मला एक घर जरी सोडलंत ना, तर शप्पथ आहे, खोकं चुलीत घालीन."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा पुसला, बाह्या वर केल्या आणि सोंगट्या मांडायला घेतल्या. हिरव्या आधी, मला शिकवलं होतं तशा.

मी हात धुतले न धुतले, पदर डोक्यावरून ओढला आणि निघाले. त्या उन्हात गल्लीत कुत्रं नव्हतं. मी जवळजवळ पळतच गेले. मुख्याध्यापिकाबाई दुपारच्या झोपेतून उठून दाराशी आल्या, मी धापा टाकत म्हटलं, "येते. जूनपासून येते." त्या म्हणाल्या, "अहो, पाणी तरी घ्या." मी घेतलं नाही, उगाच घाई होती. कशाची ते मलाही माहीत नव्हतं. नोकरी मिळाली तर शांत वाटेल, असं मला इतके दिवस वाटत होतं. शांत काही वाटलं नाही. उलट आता नाना कसे खेळत असतील, याचीच धाकधूक लागली. खरंच खेळत असतील का? की शप्पथ घालूनसुद्धा एक घर अलीकडे?

परत आले तर बैठकीतून आबांचा आवाज येत होता. "अहो, ही गाडी कशी अडवली तुम्ही? हा काय प्रकार? मागून?" मी दारातच थांबले. आबा घामाने निथळत होते, केस उभे, हात डोक्याला. निळ्या सोंगट्यांची नुसती दाणादाण उडाली होती. मॉस्को दूर राहिलं, आबांना वाटेतलं व्हिल्नासुद्धा टिकवता येत नव्हतं. आणि नाना? नाना हसत नव्हते. कसनुसं नाही, कसलंच नाही. कपाळाला आठी, ओठ घट्ट, नजर पटावर. तो माझा जुना समोरचा होता. चार वाजून गेले होते, आमची गाडी गेली होती, आणि दोघांपैकी एकानेही घड्याळाकडे बघितलं नव्हतं. एसटीत जन्म काढलेल्या आबांनीसुद्धा.

"हं, टाका फासा," नाना म्हणाले. आवाज अगदी कोरडा होता.

आबांनी फासा टाकला आणि कपाळावर हात मारला. नानांनी एक हिरवी सोंगटी अंगठ्याखाली घेतली. अंगठा हलायला लागला. त्यांनी ती उचलली आणि बरोबर त्याच घरात ठेवली, जिथे मी ठेवली असती.

आणि ठेवता ठेवता, नजर पटावरून न काढता, त्यांनी डावा हात बाजूला नेला. तिथे आबांसाठी अक्काने भरून ठेवलेला तांब्या होता. नानांनी तो उचलला, मान वर केली आणि घटाघटा प्यायले. अर्धा तांब्या. मग उरलेलाही. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसलं, तांब्या खाली ठेवला आणि आबांना म्हणाले, "चला, तुमची पाळी."

मी तोंड उघडलं होतं. मागून अक्काचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"चूप ऱ्हाय," ती कानात म्हणाली. "काही बोलू नको."

मी तांब्या उचलला, आत जाऊन माठातून भरून आणला, आणि या वेळी तो नानांच्या बाजूला ठेवला.